हाताबाहेर गेलेली पोरं, आणि ज्यांच्या हातात ती गेली

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीनं मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. काही तासांत बाल न्याय मंडळातून त्याला जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींमधली एक अट देशभर गाजली: रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायचा.

पुढचे पंधरा दिवस आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. गेलेले दोघं आमच्याच क्षेत्रातले, आमच्याच वयाचे. चहाच्या टपरीवर दोन मतं होती. एक, १७ व्या वर्षी गाडी उडवता येते तर तुरुंगही सोसता येईल. दुसरं, श्रीमंताचं पोर म्हणून निबंध. गरिबाचं असतं तर केव्हाच आत गेलं असतं. दोन्ही मतांत तथ्य होतं. मला मात्र तिसराच प्रश्न छळत होता. आमच्या धंद्यात प्रोग्रॅममधली एखादी ओळ विचित्र दिसली की ती पुसण्याआधी बघतात, ती कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली होती. तसं या निबंधाचं मूळ कुठे आहे? चुकलेल्या पोराला शिक्षा करायची नाही, सुधारायचं, हे कधी ठरलं? आणि ‘सुधारणं’ म्हणजे काय, हे कुणाला कळलं होतं?

शोधत गेलो तर धागा थेट माझ्या गावाकडे, गोंदियाकडे आला. म्हणजे गोंदियाहून निघणाऱ्या एका रेल्वेलाइनीच्या दुसऱ्या टोकाला.

छोट्या लाइनीचं दुसरं टोक

गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा नॅरोगेज मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून ‘छोटी लाइन’ म्हणतात. आता तिथे ब्रॉडगेज आहे. पण आपली गोष्ट ती लाइन टाकण्याच्याही सत्तर वर्षं आधीची आहे.

१८३० च्या दशकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं जबलपूरला मुख्य ठाणं करून ठगांविरुद्ध मोहीम चालवली. ठगी खरोखर इंग्रजांनी रंगवली तशी होती का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. मोहिमेत शेकडो लोक पकडले गेले, कित्येकांना फाशी झाली, आणि जे माफीचे साक्षीदार झाले त्यांना जबलपूरलाच ठेवण्यात आलं. त्यांच्यासोबत त्यांची कुटुंबंही आली, आणि अधिकाऱ्यांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला: या पोरांचं काय करायचं?

त्यांच्या समजुतीप्रमाणे ठगी हा बापाकडून मुलाकडे जाणारा धंदा होता. पोर मोकळं सोडलं तर ते मोठं होऊन रुमालच हाती घेणार. म्हणून १८३० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूरला ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ सुरू झाली. ठगांच्या मुलांना तिथे तंबू शिवायला आणि गालिचे विणायला शिकवलं जाई. पुढे तिथल्या गालिच्यांचं नाव झालं.

या शाळेत दोन कल्पना एकत्र नांदत होत्या. पहिली उदार होती: हाताला काम मिळालं तर माणूस बदलतो. दुसरी भयंकर होती: हे पोर पुढे काय होणार, हे त्याच्या जन्मावरून सांगता येतं. या मुलांनी काही केलेलं नव्हतं. त्यांच्याबद्दल फक्त भाकीत झालं होतं. चुकणाऱ्या पोरांचा पुढचा सगळा सरकारी इतिहास या दोन कल्पनांच्या ओढाताणीचा आहे.

वेत की सुतारकाम

१८५० साली ‘अप्रेंटिसेस ॲक्ट’ आला. १० ते १८ वयाच्या अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना एखाद्या कारागिराकडे उमेदवारीला बांधून देता येऊ लागलं. त्याच वर्षी मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी एक उद्योगशाळा काढली. १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून त्या कामाला बालसुधारगृहाचं रूप आलं. माहीममध्ये आज त्यांच्या नावाची जी इंडस्ट्रियल स्कूल आहे, तिचं मूळ हे. पुण्यातलं ससून रुग्णालयही त्यांच्याच देणगीचं. पोर्शे प्रकरणातल्या मुलाच्या रक्ताचा नमुना जिथे घेतला गेला, आणि तो बदलल्याच्या आरोपावरून जिथल्या डॉक्टरांना अटक झाली, तेच हे रुग्णालय.

पण सुतारकाम शिकवणाऱ्या हाताच्या शेजारीच वेत धरलेला हात होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनं ठरवलं की ७ वर्षांखालच्या मुलाचं कोणतंच कृत्य गुन्हा नाही, आणि ७ ते १२ वयातल्या मुलाला आपण काय करतोय याची समज होती का ते बघायचं. हीच वयं आजच्या भारतीय न्याय संहितेतही आहेत. चारच वर्षांनी, १८६४ साली, फटक्यांचा कायदा आला. अल्पवयीन गुन्हेगाराला तुरुंगात पाठवण्याऐवजी वेताचे फटके मारून सोडावं, अशी त्यात सोय होती. सरकारला ती दयाळू वाटत होती, कारण त्यामुळे पोर तुरुंगातल्या सराईतांपासून वाचत होतं. ही शिक्षा कायद्यातून जायला १९५५ साल उजाडलं.

१८७६ साली दोन वेगळ्या ठिकाणी दोन गोष्टी घडल्या. भारतात ‘रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट’ झाला. शिक्षा झालेल्या मुलांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवता येऊ लागलं. मुंबई इलाख्यात अशी शाळा येरवड्याला होती. आणि इटलीत चेझारे लोम्ब्रोझो या डॉक्टरचं पुस्तक आलं. कवटी, जबडा, कान मोजून तो सांगत होता की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात. म्हणजे इथे कायदा म्हणत होता की पोर सुधारतं, आणि तिथे विज्ञान म्हणत होतं की काही पोरं सुधारत नसतात. सरकारनं दोघांचंही ऐकलं. एकट्यादुकट्या मुलासाठी सुधारशाळा ठेवली, आणि आख्ख्या जमातींना ‘जन्मजात’चा शिक्का मारला.

चार वर्षांचं पोर

१८७१ च्या ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’बद्दल मराठी वाचकाला थोडंफार माहीत असतं. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा जमातींवर पुढे हा कायदा लागला. हजेरी, परवाने, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणातल्या वसाहती. मुलांशी संबंधित भाग मात्र सहसा चर्चेत येत नाही. १८९७ च्या दुरुस्तीनं सरकारला अधिकार मिळाला की या जमातींच्या ४ ते १८ वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारवसाहतीत ठेवायचं.

चार वर्षांचं. आमच्याकडे अंगणवाडीत जाणारं पोर. ते कुठला गुन्हा करणार?

हे सगळं दुष्ट माणसांनी केलं असतं तर प्रश्न सोपा होता. पण यात त्या काळचे ‘तज्ज्ञ’ होते. पोलीस अधिकारी, तुरुंगाधिकारी, मिशनरी. पोराला वाईट संगतीतून बाहेर काढलं की ते सुधारेल, यावर त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. त्यांच्या लेखी वाईट संगत म्हणजे त्याची आई. हा कायदा १९५२ साली गेला. त्याचा शिक्का कसा उरला, हे लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली ‘उचल्या’त लिहिलं. ते वाचलं की कळतं, पोराला चोर ठरवणारी नजर त्याच्या पहिल्या चोरीच्या आधीच त्याच्यापर्यंत पोचलेली असते.

कोर्टाच्या शेजारी दवाखाना

१८९९ साली शिकागोत मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय निघालं. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाला जोडून विल्यम हीली या डॉक्टरनं एक संस्था सुरू केली. वरवर बघता तो एक साधा बदल करत होता: वारंवार गुन्ह्यात सापडणाऱ्या मुलाला ‘काय केलंस?’ विचारून झाल्यावर ‘तुझं काय चाललंय?’ हेही विचारायचं. एकेका मुलाचं आरोग्य, घर, शाळा, झोप, मित्र, सगळं नोंदवायचं. १९१५ साली त्यानं जाडजूड पुस्तक काढून सांगितलं की ‘गुन्हेगार बालक’ असा कुठलाही एक नमुना त्याला सापडलेला नाही. प्रत्येकाची कारणं वेगळी, आणि प्रत्येकाची अनेक. लोम्ब्रोझोचा जबडा तिथे निकालात निघाला.

भारतात १९१९-२० च्या तुरुंग समितीनं मुलांना तुरुंगात पाठवू नये, त्यांची न्यायालयं वेगळी असावीत असं सांगितलं, आणि प्रांताप्रांतांत बालक कायदे होऊ लागले. मद्रास १९२०, बंगाल १९२२, मुंबई १९२४. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात. त्याची राजधानी नागपूर. मध्य प्रांताचा बालक कायदा १९२८ साली आला आणि जोडीला किशोरांसाठी बोर्स्टल कायदाही. या प्रांताची बोर्स्टल संस्था नरसिंहपूरला होती. छोट्या लाइनीनं जबलपूर, आणि तिथून पुढे.

कायदा कागदावर एक आणि सोयी दुसरीकडेच, हा आमच्या भागाचा जुना अनुभव आहे. तो इथेही दिसतो. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, बालन्यायालय बसू लागलं, उमरखाडीला मुलांना ठेवायची जागा झाली. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट, नागपाड्याच्या वस्तीत काम केलेले अमेरिकन मिशनरी. १९३७ साली या संस्थेनं मुलांसाठी मार्गदर्शन क्लिनिक काढलं. भारतातलं ते पहिलं मानलं जातं. पोराला पोलिसाकडे न नेता, गुन्हा घडायच्या आधी, आईबापांनी घेऊन यावं अशी जागा. गोंदियातल्या आईला १९३७ साली अशी जागा हवी असती तर जवळपास हजार किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागली असती.

१९४४ साली लंडनमधल्या अशाच एका क्लिनिकमधून जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञानं ४४ चोऱ्या करणाऱ्या मुलांचा अभ्यास छापला. त्यांतली १४ मुलं त्याला वेगळी वाटली. कुणाबद्दल माया नाही, लाज नाही, पश्चात्ताप नाही. या १४ पैकी १२ मुलं अगदी लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेली होती. त्याची पद्धत कच्ची होती, नंतर तिच्यावर टीका झाली. पण हे निष्कर्ष आणि १८९७ ची दुरुस्ती शेजारी ठेवून बघा. पोर बिघडू नये म्हणून सरकार जे करत होतं, नेमकं त्यातूनच पोर बिघडत असावं अशी शंका आता विज्ञान घेत होतं. आणि बोल्बीचा लेख छापून आला तेव्हा इकडच्या वसाहतींची कुंपणं उभीच होती.

मागच्या बाकावरचे

यानंतर जे संशोधन झालं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यासाठी धीर लागतो. मुलांना एकदा बघून मत देण्याऐवजी संशोधक त्यांच्यामागे तीस-तीस वर्षं राहिले.

ली रॉबिन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी सेंट लुईस शहरात लहानपणी मार्गदर्शन क्लिनिकमध्ये आलेल्या ५२४ मुलांना तीस वर्षांनी शोधून काढलं. १९६६ सालच्या त्यांच्या पुस्तकातून आणि पुढच्या कामातून एक विचित्र वाटणारी गोष्ट समोर आली. जी मोठी माणसं निर्ढावलेली समाजविरोधी असतात, ती जवळपास सगळी लहानपणीही तशीच असतात. पण लहानपणी तशी असलेली बहुतेक मुलं मोठेपणी तशी राहत नाहीत. पहिलं वाक्य ऐकून लोक भाकीत करतात. दुसरं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

१९९३ साली टेरी मॉफिट यांनी या कोड्याची उकल मांडली. आधार होता न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा, आजही चालू असलेला अभ्यास. त्यांच्या मते बाहेरून सारखेच दिसणारे दोन गट असतात. एक मोठा गट: वयात येताना बिघडतो, मित्रांच्या नादानं, मोठं दिसायच्या घाईनं, आणि काम, संसार मिळाला की शांत होतो. दुसरा अगदी छोटा: त्याची लक्षणं शाळेच्या पहिल्या वर्षांतच दिसतात, त्यात बोलण्या-समजण्यातल्या, लक्ष लागण्यातल्या अडचणी असतात, आणि या अडचणींना गरिबी, मारझोड, विस्कटलेलं घर येऊन मिळतं. आजही मनोविकारतज्ज्ञ वर्तनविकाराचं निदान करताना लक्षणं दहा वर्षांच्या आत सुरू झाली की नंतर, हे आधी विचारतात.

हे वाचताना मला माझा नववीचा वर्ग आठवला. मागच्या दोन बाकांवर सात-आठ जणांची टोळी होती. खर्रा खायचे, शाळा बुडवून स्टेशनवर हिंडायचे, सायकलींची हवा सोडायचे, एकदा प्रयोगशाळेच्या काचा फोडल्या. ‘हे पोट्टे वाया गेले’ हे वाक्य आम्ही रोज ऐकायचो. दोघांच्या हातात टीसी पडली. आज त्यांतला एक राइस मिलमध्ये हिशोब बघतो, एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, एक निमलष्करी दलात आहे, दोघं गाड्या चालवतात. दिवाळीत भेटले की काचांची गोष्ट हसत सांगतात. फक्त एकाचं तसं झालं नाही. तो पहिली-दुसरीपासूनच मारायचा, त्याला वाचता येत नसे, आणि त्याचे आईबाप वर्षातले सहा महिने परमुलखात कामाला असत. नववीत तो आणि बाकीचे सारखेच दिसत होते. दुसरीत दिसत नव्हते. पण दुसरीत त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं, आणि नववीत सगळे बघत होते ते टीसी द्यायला.

चांगल्या हेतूंचा हिशोब

मग करायचं काय? इथेही व्यावसायिकांचा इतिहास ठेचा खात शिकण्याचा आहे.

१९३९ साली अमेरिकेत बोस्टनजवळ एक सुरेख प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलांच्या जोड्या लावून अर्ध्यांना मदत दिली, अर्ध्यांना नाही. मदत म्हणजे साधारण पाच वर्षं एक सल्लागार घरी यायचा, अभ्यास, दवाखाना, खेळ, उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांना गाठलं. कित्येकांनी सांगितलं की त्या मदतीनं आमचं भलं झालं. आकडे उलट सांगत होते. मदत मिळालेल्यांची अवस्था दारू, आजारपण, पुन्हा गुन्हा अशा अनेक बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. १९७८ साली हे छापून आल्यावर खळबळ उडाली. नंतरच्या विश्लेषणात मोठा संशय शिबिरांवर गेला: बिघडू पाहणाऱ्या मुलांना एकत्र आणलं की ती एकमेकांना शिकवतात, एकमेकांच्या पराक्रमांना हसून दाद देतात.

त्याच सुमाराला न्यू जर्सीत मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम देण्याचा कार्यक्रम गाजत होता. आपल्याकडे ‘पोलिसाकडे देईन’ म्हणतात, त्याची ही मोठी आवृत्ती. पुढे अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं की तुरुंग बघून आलेली मुलं, न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडली.

मग काही चालतं तरी का? चालतं, पण ते दिसायला फारच साधं आहे. ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटर्सन आणि त्यांचे सहकारी घराघरांत बसून मिनिटामिनिटाच्या नोंदी घेत राहिले. १९८२ साली त्यांनी मांडलेलं चक्र आज कुठल्याही घरात दिसेल. आई मोबाइल ठेवायला सांगते. पोर किंचाळतं. आई ओरडते. पोर वस्तू फेकतं. आई थकून मोबाइल परत देते, पोर शांत होतं. त्या एका क्षणात दोघंही काही शिकले: पोर शिकलं की फेकाफेक केली की मिळतं, आई शिकली की दिलं की शांतता होते. रोज पाच-सहा वेळा, वर्षानुवर्षं. हे चक्र तोडायचं तर एकट्या पोराला समुपदेशनाला बसवून भागत नाही. आईबापांना शिकवावं लागतं: चांगलं वागलं की तिथल्या तिथे दखल घ्यायची, नियम थोडे पण पक्के ठेवायचे, शिक्षा छोटी, लगेच आणि न मारता. लहान मुलांच्या बाबतीत आजवर जे उपाय तपासून टिकले त्यांत हा वरचा आहे. मोठ्या मुलांसाठी जे टिकले तेही मुलाला घरातून उचलून नेणारे नाहीत. घर, शाळा, मित्र यांच्यात जाऊन काम करणारे आहेत.

पुन्हा भाकीत

स्वतंत्र भारतातही प्रत्येक राज्याचा बालक कायदा वेगळा होता, आणि मुलं सर्रास तुरुंगांत होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली न्यायालयानं म्हटलं की मुलांसाठी संसदेनं देशभर एकच कायदा करावा, आणि त्याच वर्षी पहिला बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलग्यांसाठी वय १६ होतं. २००० च्या कायद्यानं ते सगळ्यांसाठी १८ केलं आणि भाषाही बदलली. बालगुन्हेगार हा शब्द जाऊन वर्तमानपत्रांत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. बोजड आहे, पण शिक्का मारत नाही.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर वारं फिरलं. २०१५ च्या कायद्यात कलम १५ आलं. किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्यात मुलगा १६ ते १८ वयाचा असेल, तर बाल न्याय मंडळानं त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती बघून ‘प्राथमिक मूल्यांकन’ करायचं, आणि त्यावरून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का ते ठरवायचं. पुण्याच्या प्रकरणातही पोलिसांनी प्रौढ मानण्याची मागणी केली होती. जुलै २०२५ मध्ये मंडळानं ती फेटाळली.

वर्गीकरण करणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून इथे एक कच्चं गणित मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत. १,००० बिघडलेली मुलं घ्या. त्यांतली ५० पुढे आयुष्यभर तशीच राहणार आहेत असं धरा. ती ओळखणारी चाचणी ८० टक्के अचूक आहे, म्हणजे फारच चांगली. ती ५० पैकी ४० बरोबर पकडेल. पण उरलेल्या ९५० पैकी १९० मुलांनाही चुकून ‘धोकादायक’ म्हणेल. शिक्का बसला २३० जणांवर. त्यांतले १९० चुकीचे. आमच्या भाषेत याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात, आणि जाहिरात दाखवण्यात अशी चूक झाली तर कुणाचं बिघडत नाही. इथे त्या प्रत्येक आकड्याला एक दहावी-बारावीचं वय आहे. कलम १५ भविष्य विचारत नाही, समज विचारतं, हे खरं. पण घटनेनंतर काही आठवड्यांनी, घाबरलेल्या मुलाशी बोलून, घटनेच्या क्षणी त्याची समज किती होती हे सांगणं हेही उलट्या दिशेचं भाकीतच आहे.

सर्वोच्च न्यायालयालाही ही अडचण दिसली. गुरुग्रामच्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात जुलै २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. ती ऐच्छिक नाही.

नमुना ६

आता हे सगळं घेऊन गोंदियात या. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा जिल्हा. सालेकसा, देवरीकडचं जंगल, मराठीशिवाय पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी घरं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, एरवी धान, आणि हंगाम संपला की मजुरीसाठी बाहेर जाणारी माणसं. हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन, म्हणजे घरातून पळालेल्या पोरासाठी चार दिशांना गाड्या. कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असतं: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. मंडळाला मुलाला समज देऊन घरी पाठवता येतं, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा, आईबापांना दंड, आणि अगदी शेवटी विशेषगृह, जास्तीत जास्त तीन वर्षं. निबंधाची अट याच परंपरेतून आली. चूक निबंधात नव्हती. ज्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांना काहीच विचारलं गेलं नाही अशा मुलाला घाईघाईत निबंध देण्यात होती.

कारण विचारायची सोय कायद्यात आहे. २०१६ च्या नियमांना जोडलेला ‘नमुना ६’ म्हणजे सामाजिक तपास अहवाल. परिविक्षा अधिकाऱ्यानं मुलाच्या घरी जाऊन तो भरायचा. घरात कोण कोण, आईबापांचं एकमेकांशी आणि मुलाशी कसं आहे, शाळा का सुटली, व्यसन कोणतं, मित्र कोण, त्याच्यावर कधी अत्याचार झालाय का, त्यानं हे का केलं असावं. हे सगळे प्रश्न हीलीचे, आणि १९३७ च्या मुंबईतल्या त्या क्लिनिकचे. शंभर वर्षांची शहाणीव एका सरकारी फॉर्मात बसवलेली आहे.

हा फॉर्म दोन तऱ्हांनी भरता येतो. ‘कुटुंबाची परिस्थिती हलाखीची, मित्रांची संगत वाईट’ असं लिहून दहा मिनिटांत. किंवा सालेकशाच्या एखाद्या टोल्यावर दोनदा-तीनदा जाऊन, पोवारी किंवा गोंडी समजणारं कुणी सोबत घेऊन, आजीशी बोलून, दुसरीतल्या बाईंना शोधून. पहिल्या तऱ्हेनं भरलेल्या फॉर्मातून भाकीत निघतं, दुसऱ्यातून पुढच्या महिन्यात काय करायचं ते निघतं. एका अधिकाऱ्याकडे किती मुलं आहेत, त्याला गाडी मिळते का, त्याचं पद भरलेलं आहे की रिकामं, यावर तो कुठल्या तऱ्हेनं भरला जाणार ते ठरतं. जिल्ह्याच्या बैठकांमध्ये रस्ते आणि धानाचे भाव विचारले जातात. नमुना ६ कोण भरतं, किती वेळात भरतं, हेही तिथे विचारायला हवं. आणि त्याच्याही आधी, दुसरीच्या वर्गात मारामारी करणाऱ्या, वाचता न येणाऱ्या पोराबद्दल बाईंनी सांगायचं ठरवलं, तर कुणाला सांगायचं, हेसुद्धा.